अमेरिकन निबंधवर्ग : वाचनावरील प्रतिसाद आणि विद्यार्थ्याची भाषा

अमेरिकेतील बहुतेक महाविद्यालयांत पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला, तो पुढे रसायनशास्त्र शिकणार असो की वाणिज्य, लेखनाचा एक अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. त्यास तेथे सामान्यतः ‘कॉम्पोझिशन’ असे म्हणतात. आपल्याकडील ‘निबंध’ या विषयाशी त्याचे साम्य आहे. परंतु एका महत्त्वाच्या बाबतीत तो निराळा आहे. आपल्याकडे विद्यार्थ्यास ‘पावसाळ्यातील एक दिवस’ असा एखादा विषय देऊन मोकळे सोडण्याची प्रथा दीर्घकाळ चालत आली. अमेरिकन निबंधवर्गात विद्यार्थ्याच्या हाती प्रथम एक छापील उतारा दिला जातो. तो वाचून, त्यातील मताचा परामर्श घेऊन त्याने आपला ‘प्रतिसाद’ लिहावयाचा असतो. हे उतारे पुष्कळदा शिक्षण आणि अमेरिकन समाजातील वादग्रस्त प्रश्न यांविषयीचे असतात. शाळांतील वर्णभेद, श्रीमंत व गरीब वस्त्यांतील शाळांमधील तफावत, स्थलांतरितांच्या मुलांची भाषा, परीक्षांची निःपक्षता हे त्यांतील नेहमीचे विषय होत.

या प्रतिसादांचे परीक्षण करावयाचे म्हटले म्हणजे दोन प्रश्न उभे राहतात. विद्यार्थी काय म्हणतो, हा पहिला. आणि तो कोणत्या भाषेत म्हणतो, हा दुसरा. वरवर पाहता पहिला प्रश्न समाजशास्त्राचा व दुसरा व्याकरणाचा वाटतो. वस्तुतः हे दोन्ही प्रश्न परस्परांत इतके गुंतलेले आहेत की एकाचे उत्तर देताना दुसरा टाळता येत नाही. अमेरिकन शिक्षकांना हे सत्य गेल्या शतकाच्या उत्तरार्धात हळूहळू, आणि बऱ्याच वादविवादानंतर, उमगत गेले. त्या प्रवासाचे स्वरूप स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अभ्यासक्रमाची पूर्वपीठिका

हार्वर्ड विद्यापीठाने १८७४ मध्ये प्रवेशपरीक्षेत इंग्रजी निबंधाची अट घातली, तेव्हापासून या विषयाचा इतिहास सुरू होतो असे मानण्याची रीत आहे. नेमलेल्या साहित्यकृतीवर लहानसा निबंध लिहावा, आणि त्यात शुद्धलेखन, विरामचिन्हे, व्याकरण व अभिव्यक्ती निर्दोष असावीत, अशी ती अपेक्षा होती. परीक्षकांना उत्तरपत्रिका निराशाजनक वाटल्या व त्या निराशेतून पहिल्या वर्षाचा लेखनवर्ग जन्मास आला. आरंभापासूनच हा वर्ग ‘दोष काढून टाकण्याचे ठिकाण’ म्हणून कल्पिला गेला होता, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवली पाहिजे.

१९४४ च्या कायद्याने युद्धावरून परतलेल्या सैनिकांना उच्च शिक्षणासाठी साहाय्य मिळू लागले आणि महाविद्यालयांची दारे एका नव्या वर्गाला खुली झाली. याहूनही मोठा बदल न्यूयॉर्क शहरात घडला. १९६९ च्या वसंतात तेथील सिटी कॉलेजमधील कृष्णवर्णीय व पोर्टो रिकन विद्यार्थ्यांनी आवाराचा काही भाग ताब्यात घेऊन आंदोलन केले. सभोवार हार्लेमची वस्ती असताना तिच्यातील मुले या कॉलेजात इतकी थोडी का, असा त्यांचा सवाल होता. परिणामी १९७० पासून न्यूयॉर्कच्या शहर विद्यापीठाने खुल्या प्रवेशाचे धोरण स्वीकारले. शहरातील माध्यमिक शाळा उत्तीर्ण झालेल्या प्रत्येक विद्यार्थ्यास विद्यापीठाच्या कोणत्या ना कोणत्या महाविद्यालयात जागा मिळू लागली. ज्यांच्या घराण्यात कोणी महाविद्यालयाची पायरी चढले नव्हते अशी सहस्रावधी मुले निबंधवर्गात येऊन बसली. त्यांच्या वह्या पाहून अनेक प्राध्यापक हतबुद्ध झाले.

वाचनाचे उतारे

या वर्गांसाठी निरनिराळ्या प्रकाशकांनी जे वेचे प्रसिद्ध केले त्यांत काही नावे वारंवार आढळतात. मॅसॅच्युसेट्सच्या शिक्षणमंडळाचे पहिले चिटणीस होरेस मान यांचा १८४८ चा अहवाल हे त्यांतील एक. सर्वांना समान शालेय शिक्षण मिळाले तर गरीब व श्रीमंत यांतील अंतर आपोआप कमी होईल, अशी त्यांची श्रद्धा होती. अमेरिकन माणसाचा शिक्षणावरील विश्वास या अहवालात घट्ट रूपात सापडतो. त्याच्याच शेजारी फ्रेडरिक डग्लस यांच्या १८४५ च्या आत्मचरित्रातील भाग छापलेला असतो. गुलाम असलेल्या या मुलाला धनीण अक्षरे शिकवू लागली आणि धन्याने ते तात्काळ बंद पाडले. वाचावयास शिकलेला गुलाम गुलाम राहत नाही, हे धन्याचे भय मुलाने ऐकले आणि नेमकी तीच आपल्या मुक्तीची वाट आहे हे ओळखले. मग रस्त्यावरील गोऱ्या मुलांना भाकरीचा तुकडा देऊन तो त्यांच्याकडून अक्षरे शिकला. माल्कम एक्स यांनी तुरुंगात शब्दकोश उतरवून काढून भाषा कशी कमावली, हा १९६५ च्या त्यांच्या आत्मचरित्रातील भागही याच मालिकेतील आहे.

दुसऱ्या प्रकारचे उतारे या श्रद्धेला छेद देतात. जोनाथन कोझोल हे बोस्टनमधील एक तरुण शिक्षक. लँग्स्टन ह्यूज या कृष्णवर्णीय कवीची अभ्यासक्रमाबाहेरील कविता वर्गात वाचल्यामुळे त्यांना नोकरी गमवावी लागली. तो अनुभव त्यांनी १९६७ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. १९९१ च्या ‘सॅव्हेज इनिक्वॉलिटीज’ या ग्रंथात त्यांनी शाळांवरील खर्चाचे आकडेच वाचकांसमोर ठेवले. १९८७ च्या सुमारास न्यूयॉर्क शहरात दर विद्यार्थ्यामागे सुमारे ५,५०० डॉलर खर्च होत असता जवळच्या श्रीमंत उपनगरांत तोच खर्च ११,००० डॉलरच्या वर जात होता. याचे कारण असे की अमेरिकेत शाळांचा खर्च मोठ्या प्रमाणात स्थानिक मालमत्ताकरातून भागविला जातो. जेथे घरे महाग तेथे शाळा संपन्न. ही पद्धती संविधानाविरुद्ध नाही असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने सॅन अँटोनिओच्या खटल्यात १९७३ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी दिला होता. जीन एन्यन यांचा १९८० चा लेख याहून एक पाऊल पुढे जातो. न्यू जर्सीतील पाच प्राथमिक शाळांचे निरीक्षण करून त्यांनी असे दाखविले की कामगारवस्तीतील मुलांना सांगितलेल्या पायऱ्या मुकाट्याने पाळावयास शिकविले जाते, तर धनिकांच्या मुलांना विचार करून निर्णय घ्यावयास. पाठ्यपुस्तक पुष्कळदा तेच असते. अध्यापन निराळे असते.

हे उतारे एकाच वर्गात, एकापाठोपाठ एक वाचले जातात. होरेस मान म्हणतात शाळा समता निर्माण करील. एन्यन म्हणतात शाळा विषमतेची पुनरावृत्ती करते. अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याने यावर काय म्हणावे?

प्रतिसादाचे स्वरूप

विद्यार्थी वाचलेल्या मजकुराचे प्रत्यक्षात काय करतो, याचा पद्धतशीर शोध प्रथम इंग्लंडात आय. ए. रिचर्ड्स यांनी घेतला. केंब्रिजमधील विद्यार्थ्यांना कवीचे नाव न सांगता कविता देऊन त्यांनी लेखी अभिप्राय मागविले व १९२९ मध्ये त्यांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. साचेबंद प्रतिक्रिया, अवांतर स्मृती, पूर्वग्रह हे वाचनातील अडथळे होत, असे त्यांना आढळले. अमेरिकेत लुईस रोझेनब्लॅट यांनी १९३८ मध्ये याच्या पुढचा विचार मांडला. वाचकाची स्मृती व अनुभव हे केवळ अडथळे नसून अर्थ घडविणारी सामग्रीच होय. अर्थ हा ग्रंथात आधीच भरून ठेवलेला नसतो, तो वाचक व मजकूर यांच्या देवघेवीत निर्माण होतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. मात्र यावरून कोणताही अर्थ चालेल असे त्यांनी म्हटले नाही. मजकुराशी विसंगत ठरणारा अर्थ वाचकाने सोडून दिला पाहिजे, हेही त्या तितक्याच आग्रहाने सांगत.

या भूमिकेतून पाहिले असता निबंधवर्गातील प्रतिसादांचे काही ठळक प्रकार नजरेत येतात. एक प्रकार असा, की शाळांतील विषमतेचे वर्णन वाचून विद्यार्थी लिहितो : ज्याला खरोखर शिकावयाचे आहे तो कोठेही शिकतो, कष्ट केले म्हणजे यश मिळते. दुसऱ्या प्रकारात तो स्वतःच्या अथवा आजोबांच्या आयुष्यातील एखादी हकीकत सांगतो व तीवरून सार्वत्रिक निष्कर्ष काढतो. तिसऱ्या प्रकारात तो लेखकाशी पूर्ण सहमत होतो, आणि ती सहमती लेखकाच्याच शब्दांत, जवळजवळ पाठ केल्यासारखी, मांडतो. काही थोडे विद्यार्थी मात्र उताऱ्यातील एखाद्या तपशिलापाशी अडखळतात, तो आपल्या अनुभवाशी ताडून पाहतात, आणि दोन्ही जुळत नाहीत असे दिसताच दोहोंविषयी प्रश्न विचारतात.

पहिल्या प्रकाराला आळस किंवा असंवेदनशीलता म्हणणे सोपे आहे. पिट्सबर्ग विद्यापीठातील डेव्हिड बार्थोलोमे यांनी १९८५ च्या एका प्रसिद्ध निबंधात त्याची अधिक खोल मीमांसा केली. त्यांच्या मते विद्यार्थी लिहावयास बसतो तेव्हा त्याला आपण विद्यापीठातले आहोत असे सोंग आणावे लागते. इतिहासकार, मानसशास्त्रज्ञ किंवा समीक्षक ज्या आवाजात बोलतो तो आवाज अवगत नसतानाच वापरावा लागतो. तो आवाज सापडेनासा झाला म्हणजे विद्यार्थी जवळच्या, ओळखीच्या आवाजाकडे वळतो. तो आवाज बहुधा वडीलधाऱ्यांच्या उपदेशाचा असतो. ‘कष्ट केले म्हणजे यश मिळते’ हे वाक्य या अर्थाने विद्यार्थ्याचे मत असतेच असे नाही. अनोळखी जागी उभे राहण्यासाठी हाताशी आलेला तो एक आधार असतो. मराठी विद्यार्थी निबंधाचा शेवट सुभाषिताने करतो तेव्हा याहून निराळे काही घडत नाही.

ही मीमांसा मान्य केली की परीक्षकाचे कर्तव्य बदलते. वाक्य सामान्य आहे म्हणून त्याखाली लाल रेघ ओढणे पुरत नाही. या सामान्य विधानाच्या आड विद्यार्थ्याने काय म्हणावयाचे टाळले, हे त्याला विचारावे लागते.

चूक म्हणजे काय

न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात मिना शॉनेसी यांनी हेच भाषेच्या अंगाने केले. १९७० ते १९७४ या काळातील सुमारे ४,००० प्रवेशनिबंध त्यांनी वाचले आणि १९७७ मध्ये ‘एरर्स अँड एक्स्पेक्टेशन्स’ हा ग्रंथ सिद्ध केला. इतर प्राध्यापकांना ज्या वह्यांत केवळ गोंधळ दिसला तेथे त्यांना नियम दिसले. चूक ही बेफिकिरीने होत नाही. शिकणारा आपल्या परीने एक नियम बांधतो व तो लावून पाहतो, त्यातून ती होते. मराठी मूल ‘धरला’ या रूपावरून ‘केला’च्या ऐवजी ‘करला’ म्हणते, तेव्हा ते अडाणीपणा दाखवीत नसून व्याकरण दाखवीत असते. शॉनेसी यांच्या म्हणण्याचा मथितार्थ हाच होता की हे विद्यार्थी मंदबुद्धी नव्हेत, नवशिके आहेत. आणि नवशिक्याने चुकूनच शिकावयाचे असते. किंबहुना पुष्कळशा चुका विद्यार्थी आपल्या नेहमीच्या बोलण्यापेक्षा अधिक प्रौढ लिहू पाहतो म्हणूनच घडतात. चुकीच्या भयाने जो लहान, निरुपद्रवी वाक्येच लिहितो त्याची वही स्वच्छ दिसते, पण तिच्यात विचार उरत नाही.

तथापि ज्याला शिक्षक चूक म्हणतो ते सर्वच या प्रकारात बसत नाही. काही रूपे शिकण्याच्या अपुरेपणातून येत नाहीत. ती दुसऱ्याच एका परिपूर्ण व्याकरणातून येतात. विल्यम लॅबोव्ह यांनी १९६० च्या दशकात हार्लेममध्ये केलेल्या संशोधनाचे महत्त्व येथे आहे. गरीब कृष्णवर्णीय मुलांना भाषाच अवगत नसते, असा समज त्या काळी शिक्षणतज्ज्ञांत पसरला होता. त्यास आधार होता तो मुलाखतींचा. एका गोऱ्या परीक्षकासमोर बसविलेले मूल एखाददुसऱ्या शब्दात उत्तर देऊन गप्प राही. लॅबोव्ह यांनी १९६९ च्या ‘नॉनस्टँडर्ड इंग्रजीचे तर्कशास्त्र’ या विषयावरील लेखात दुसरा एक प्रयोग वर्णिला. आठ वर्षांचा एक मुलगा, हार्लेममध्येच वाढलेल्या कृष्णवर्णीय संशोधकासमोरही, तुटक उत्तरे देत होता. पुढच्या खेपेस संशोधकाने बटाट्याच्या काचऱ्या आणल्या, मुलाच्या जिवलग मित्राला सोबत घेतले, स्वतः जमिनीवर बैठक मारली आणि शिष्ट समाजात न उच्चारावयाचे शब्दही संभाषणात येऊ दिले. तोच मुलगा आता थांबेना. दोघे मित्र एकमेकांचे बोलणे तोडून बोलू लागले. मुलाची भाषा बदलली नव्हती. बदलली होती ती परिस्थिती.

प्रतिसादाचा अभ्यास करणाऱ्याने हा प्रयोग कायम डोळ्यांपुढे ठेवावा. कोऱ्या कागदासमोर बसलेला विद्यार्थी हा त्या परीक्षकासमोर बसलेल्या मुलासारखाच असतो.

एका ‘चुकी’चे व्याकरण

कृष्णवर्णीयांच्या इंग्रजीतील एक उदाहरण मराठी वाचकास विशेष उद्बोधक वाटेल. या बोलीत ‘ही वर्किंग’ आणि ‘ही बी वर्किंग’ अशी दोन वाक्ये आढळतात. प्रमाण इंग्रजीच्या शिक्षकाला दोन्ही सारखीच चुकीची वाटतात, कारण दोहोंत ‘इज’ हे क्रियापद नाही. परंतु बोलणाऱ्याच्या दृष्टीने त्यांचे अर्थ भिन्न आहेत. पहिल्याचा अर्थ ‘तो (आत्ता) काम करीत आहे’ असा होतो. दुसऱ्याचा ‘तो (नेहमी) काम करीत असतो’ असा. मराठीत ‘आहे’ आणि ‘असतो’ यांत जो भेद आपण सहज पाळतो, ‘तो घरी आहे’ व ‘तो घरी असतो’ यांत जो फरक कोणत्याही मराठी मुलाला कळतो, तोच भेद ही बोली क्रियापदाच्या रूपातून दाखविते. प्रमाण इंग्रजीला तो दाखविण्यासाठी ‘नेहमी’ यासारखे क्रियाविशेषण जोडावे लागते किंवा संदर्भावर विसंबावे लागते. म्हणजे या एका बाबतीत ‘अशुद्ध’ ठरविलेली बोली प्रमाणभाषेहून अधिक सूक्ष्म आहे.

‘इज’चा लोपही मनमानी नाही. प्रमाण इंग्रजीत जेथे ‘ही इज’चा संक्षेप ‘हीज’ असा होऊ शकतो तेथेच या बोलीत तो शब्द गाळता येतो. जेथे संक्षेप होत नाही, उदाहरणार्थ वाक्याच्या अखेरीस, तेथे तो गाळता येत नाही, असे लॅबोव्ह यांनी दाखवून दिले. ‘हे माझे घर’ असे क्रियापदावाचून म्हणणाऱ्या मराठी माणसाला यात नवल वाटण्याचे कारण नाही. दुहेरी नकाराची गोष्टही अशीच. चॉसरच्या इंग्रजीत तो सर्रास आढळतो आणि स्पॅनिशमध्ये तो आजही शिष्टसंमत आहे.

या आणि अशा संशोधनाच्या पाठबळावर महाविद्यालयीन लेखनशिक्षकांच्या परिषदेने १९७४ मध्ये विद्यार्थ्यांचा स्वतःच्या भाषेवर हक्क आहे असा ठराव संमत केला. १९७९ मध्ये मिशिगनमधील ॲन आर्बर येथील खटल्यात न्यायाधीश चार्ल्स जॉयनर यांनी, शिक्षकांनी कृष्णवर्णीय मुलांची घरची बोली ओळखावी व वाचन शिकविताना ते ज्ञान उपयोगात आणावे यासाठी शाळामंडळाने पावले उचलावीत, असा आदेश दिला. पुढे डिसेंबर १९९६ मध्ये ओकलंडच्या शाळामंडळाने अशाच स्वरूपाचा ठराव केला तेव्हा देशभर उपहासाची लाट उसळली. अमेरिकेच्या भाषाशास्त्र परिषदेने मात्र जानेवारी १९९७ मध्ये त्या धोरणामागील भाषाशास्त्रीय भूमिका योग्य असल्याचे जाहीर केले.

स्टोनी ब्रूकचा वर्ग

ठराव आणि निवाडे एका बाजूला ठेवून प्रत्यक्ष वर्गात काय घडते हे पाहावयाचे असल्यास कवयित्री जून जॉर्डन यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेला एक निबंध वाचावा. स्टोनी ब्रूक येथील विद्यापीठात त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना ॲलिस वॉकर यांची ‘द कलर पर्पल’ ही १९८२ ची कादंबरी वाचावयास दिली. कादंबरीची निवेदिका कृष्णवर्णीयांच्या इंग्रजीत पत्रे लिहिते. वर्गातील बहुतेक विद्यार्थी कृष्णवर्णीयच होते; तरी त्यांचा पहिला प्रतिसाद नापसंतीचा होता. ही भाषा बरोबर दिसत नाही, अशी त्यांची तक्रार होती. जी भाषा त्यांच्या कानांवर रोज पडत होती ती त्यांनी छापलेली कधी पाहिलीच नव्हती, आणि म्हणून ती त्यांना वाचता येईना.

जॉर्डन यांनी युक्तिवाद केला नाही. कादंबरीच्या आरंभाचे प्रमाण इंग्रजीत भाषांतर करावयास त्यांनी वर्गाला सांगितले. भाषांतर वाचून विद्यार्थी हसू लागले. निवेदिकेचा जिवंत आवाज जाऊन त्याच्या जागी सरकारी पत्रासारखे काहीतरी आले होते. हे का झाले याचा शोध घेता घेता वर्गाने आपल्याच बोलीचे नियम शोधून लिहून काढावयास आरंभ केला. भाषेविषयीचा पूर्वग्रह त्यांनी अशा रीतीने स्वतःच्या परिश्रमाने दूर केला.

पुढे या वर्गातील एका विद्यार्थ्याचा भाऊ ब्रुकलिनमध्ये पोलिसांच्या गोळीने मारला गेला. वर्गाने पोलिसांना व वृत्तपत्राला पत्रे लिहिण्याचे ठरविले, आणि जो प्रश्न आजवर अभ्यासाचा होता तो एकाएकी आयुष्याचा झाला : ही पत्रे कोणत्या भाषेत लिहावयाची? प्रमाण इंग्रजीत लिहिली तर ती वाचली जाण्याची शक्यता अधिक. परंतु ज्यांनी त्या तरुणाला मारले त्यांच्या भाषेत त्याच्याविषयी बोलणे म्हणजे त्याला दुसऱ्यांदा सोडून देणे, असे कित्येकांना वाटले. आपल्या बोलीत लिहिले तर पत्र टोपलीत जाईल हे सर्वांस ठाऊक होते. दीर्घ वादानंतर वर्गाने, परिणामांची पूर्ण जाणीव ठेवून, आपल्या बोलीची निवड केली. पत्र छापले गेले नाही.

भाषेची निवड ही शैलीची बाब नसून काही वेळा निष्ठेची बाब असते, हे या घटनेवरून जितके स्पष्ट होते तितके कोणत्याही सिद्धांतग्रंथावरून होणार नाही. त्याचबरोबर त्या निवडीची किंमत कोणाला मोजावी लागते, हेही ती तितक्याच स्पष्टपणे सांगते.

आक्षेप

या विचारसरणीवर घेतले गेलेले आक्षेप हलके नाहीत. पहिला आक्षेप वाचनाच्या निवडीविषयी आहे. ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठात १९९० मध्ये पहिल्या वर्षाचा लेखनवर्ग भेदभावासंबंधीच्या न्यायालयीन निवाड्यांवर आधारावा अशी योजना लिंडा ब्रॉडकी व त्यांच्या सहकाऱ्यांनी आखली. निवाड्यांतील युक्तिवादाची चिकित्सा विद्यार्थ्यांनी करावी, हा तिचा हेतू होता. परंतु हे लेखन शिकविणे नसून राजकारण शिकविणे होय, असा गदारोळ झाला. योजना पुढे ढकलली गेली व अखेर बारगळली. त्याच विद्यापीठातील मॅक्सीन हेअरस्टन यांनी १९९२ मध्ये या आक्षेपाला गंभीर रूप दिले. गुण देणारा शिक्षक ज्या प्रश्नावर ठाम मत बाळगतो त्या प्रश्नावर विद्यार्थी प्रामाणिकपणे लिहू शकत नाही. तो शिक्षकाला हवे ते लिहितो, असे त्यांचे म्हणणे होते. वर उल्लेखिलेला तिसऱ्या प्रकारचा, पाठ केल्यासारखा प्रतिसाद आठवला म्हणजे या आक्षेपातील तथ्य नाकारता येत नाही.

दुसरा आक्षेप अनपेक्षित दिशेने आला. लिसा डेल्पिट या कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ विदुषीने १९८८ मध्ये असे निदर्शनास आणले की ‘विद्यार्थ्याच्या भाषेला मोकळीक द्या’ असे म्हणणारे उदारमतवादी शिक्षक बहुधा ज्या घरांतून आलेले असतात तेथे प्रमाणभाषा बाळकडूबरोबर मिळते. ज्यांना ती घरी मिळत नाही त्यांना तिचे नियम शाळेने उघडपणे व निःसंकोचपणे शिकविले नाहीत, तर मोकळीक ही एक नवी वंचनाच ठरते. घरच्या बोलीचा मान राखावा आणि सत्तेची भाषाही हातात द्यावी, असे त्यांचे दुहेरी मागणे होते.

तिसरा आवाज रिचर्ड रॉड्रिगेझ यांचा. मेक्सिकन स्थलांतरितांच्या या मुलाने १९८२ च्या आत्मकथनात असे लिहिले की शाळेतील जोगिणींनी घरी येऊन आईवडिलांना मुलांशी इंग्रजी बोलावयास सांगितले, त्या दिवसापासून घरातील स्पॅनिश मावळत गेली. तरीही द्वैभाषिक शिक्षणास त्यांचा विरोध होता. सार्वजनिक जीवनात स्वतःचे नाव मिळवावयाचे तर ही हानी सोसावीच लागते, असे त्यांचे मत होते. हा उतारा विद्यार्थ्यांचे सर्वाधिक तीव्र प्रतिसाद ओढून काढतो, यात आश्चर्य नाही. त्यातील युक्तिवाद एका बाजूने जातो, आणि त्यातील दुःख दुसऱ्या बाजूने.

महाराष्ट्राचा संबंध

हा सर्व विषय मराठी वाचकास सर्वस्वी परका नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ, गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते व तेथे जॉन ड्युई यांच्या विचारांचा त्यांच्यावर खोल ठसा उमटला. रोझेनब्लॅट यांची ‘देवघेवी’ची कल्पनाही ड्युईंच्याच विचारपरंपरेतून आलेली आहे, ही गोष्ट या संदर्भात लक्षणीय होय. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नावच अमेरिकेतील ब्लॅक पँथर चळवळीवरून घेतले.

परंतु याहून जवळचा संबंध भाषेचा आहे. फुल्यांच्या ग्रंथांवर ‘निबंधमाले’तून विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी जी टीका केली तिचा बराचसा रोख फुल्यांच्या व्याकरणावर व लेखनशैलीवर होता. ग्रंथात विचारलेला प्रश्न सामाजिक होता. त्याला मिळालेल्या उत्तराचा मोठा भाग व्याकरणाचा होता. हार्वर्डच्या परीक्षकांनी प्रवेशनिबंधांतील दोष मोजावयास प्रारंभ केला तो काळही हाच, १८७४ चा. दोन दूरच्या देशांत एकाच सुमारास शुद्धतेची तागडी उभी राहिली.

मराठीत या विषयाचे नावच ‘शुद्धलेखन’ आहे. शुद्ध आणि अशुद्ध हे शब्द आपल्या समाजात केवळ अक्षरांना लावले गेले नाहीत, माणसांनाही लावले गेले. त्यामुळे या नावाच्या अर्थाला एक छटा आपोआप येऊन चिकटते. ‘पाणी’ न म्हणता ‘पानी’ म्हणणारा विद्यार्थी वर्गात हशास पात्र होतो. वास्तविक ज्या बोलींत ‘ण’ हा ध्वनी स्वतंत्रपणे नांदत नाही त्यांत ‘पानी’, ‘लोनी’, ‘आनि’ ही रूपे नियमानुसारच येतात. बोलणारा कोठेही चुकलेला नसतो. त्याला प्रमाण उच्चार व प्रमाण लेखन शिकविले पाहिजे, हे खरे. पण दुसरी भाषारूढी शिकविणे आणि पहिलीबद्दल शरमावयास लावणे या दोन निराळ्या क्रिया आहेत.

तात्पर्य

अमेरिकन निबंधवर्गाच्या अर्धशतकाहून अधिक काळच्या अनुभवातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली ही, की प्रतिसाद हा वाचकाच्या बुद्धीचा निखळ नमुना नसतो. तो कोणासमोर, कोणत्या धाकात व कोणत्या आशेने लिहिला गेला यावर त्याचे स्वरूप अवलंबून असते. दुसरी ही, की चूक दिसताच ती नवशिक्याची आहे, की दुसऱ्या व्याकरणाची आहे, की केवळ हात घसरल्याची आहे, हे ठरविल्यावाचून तिच्यावर उपाय करता येत नाही. आणि हे ठरविण्यासाठी शिक्षकास भाषाशास्त्राचे प्राथमिक ज्ञान तरी असलेच पाहिजे. तिसरी गोष्ट सर्वांत अवघड आहे. प्रमाणभाषा शिकविणे हे शाळेचे कर्तव्य आहे व ते टाळल्यास दुर्बलांचीच हानी होते. परंतु ती शिकविताना विद्यार्थ्याने उपस्थित केलेला प्रश्न बाजूस सारून केवळ त्याच्या वाक्यरचनेला उत्तर देणे हे शिक्षण नव्हे.

सामाजिक विषमतेवरील उतारा वाचून एखादा विद्यार्थी चार ओबडधोबड वाक्ये लिहितो. त्या वाक्यांतील क्रियापदे सुधारावयाची की त्यांतील म्हणणे प्रथम ऐकावयाचे, हा क्रम शिक्षकाच्या हाती असतो. क्रियापदे पुढल्या तासालाही सुधारता येतात. न ऐकलेले म्हणणे विद्यार्थी दुसऱ्यांदा लिहील, याची मात्र शाश्वती नसते.